इटलीची आधुनिक वास्तुकला: शैलीवरून राजकारण ओळखता येते का?

गवाक्ष (मूळ लेख; पुढे इतर वाचकांचे प्रतिसाद त्यांच्या टोपणनावांखाली)

विसाव्या शतकातील इटालियन वास्तुकलेची चर्चा निघाली की एक सोपी विभागणी हमखास पुढे येते. काच, काँक्रीट आणि सपाट गच्ची यांचा आग्रह धरणारे ‘रॅशनॅलिस्ट’ वास्तुकार मनाने लोकशाहीवादी होते, आणि कमानी, खांब व संगमरवर यांत रमणारे मार्चेल्लो पियाचेंतिनी व त्यांचे सहकारी मुसोलिनीचे दरबारी होते, अशी ती विभागणी आहे. युद्धानंतर ती रुजली, कारण ती अनेकांच्या सोयीची होती. आधुनिक वास्तुकलेला तिच्यामुळे निष्कलंक पूर्वज मिळाले, आणि राजवटीसाठी कामे केलेल्या बऱ्याच जणांना आपला भूतकाळ फारसा न उगाळता प्रजासत्ताकातही काम करता आले. माझ्या मते ही विभागणी इतिहासाला धरून नाही.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या सात तरुणांनी १९२६ मध्ये ‘ग्रुप्पो सेत्ते’ हा गट स्थापन केला. जुझेप्पे तेर्रान्यी, लुइजी फिजिनी आणि जीनो पोल्लिनी हे त्यांपैकीच. आदाल्बेर्तो लीबेरा पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळाला. परंपरेशी आपले भांडण नाही, उलट नव्या युगाला साजेशी शिस्तबद्ध वास्तुकला घडवण्याचा मान इटलीचाच आहे, अशी भूमिका त्यांनी लेखमालेतून मांडली. १९३१ मध्ये पिएत्रो मारिया बार्दी यांच्या रोममधील दालनात या मंडळींचे प्रदर्शन भरले, तेव्हा ‘भयानक गोष्टींचे टेबल’ अशा नावाखाली प्रतिष्ठित वास्तुकारांच्या, त्यातही पियाचेंतिनींच्या, इमारतींची कात्रणे चिकटवून त्यांची यथेच्छ टिंगल करण्यात आली होती. प्रदर्शन पाहायला मुसोलिनी स्वतः आला होता, आणि बार्दी यांनी वास्तुकलेवरचा आपला अहवाल त्यालाच उद्देशून लिहिला होता. हा वाद राजवटीच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे असा नव्हता. राजवटीची अधिकृत वास्तुकला कोणती असावी, यासाठी दोन्ही पक्ष तिच्याच दारात उभे होते.

तेर्रान्यीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कोमो शहरात त्याने ‘नोवोकोमुम’ ही निवासी इमारत बांधली, तेव्हा मंजुरीसाठी नगरपालिकेकडे दिलेल्या नकाशांत दर्शनी भाग रूढ अभिजात पद्धतीचा दाखवला होता. १९२९ मध्ये परांची उतरली आणि आत काचेचे गोल कोपरे असलेली, कसलीही नक्षी नसलेली पाच मजली इमारत निघाली. शहरात गदारोळ झाला, परंतु इमारत वाचली. नव्या वास्तुकलेसाठी इतका धोका पत्करणारा हा माणूस निष्ठावान फॅसिस्ट होता, आणि त्याची सर्वश्रेष्ठ इमारत म्हणजे त्याच शहरातील फॅसिस्ट पक्षाचे कार्यालय, ‘कासा देल फाशो’.

१९३२ ते १९३६ या काळात उभी राहिलेली ही इमारत कॅथेड्रलच्या पिछाडीसमोर आहे. तिचा पाया ३३.२ मीटर बाजूचा चौरस आहे आणि उंची बरोबर त्याच्या निम्मी, म्हणजे १६.६ मीटर आहे. चारही दर्शनी बाजू वेगवेगळ्या आहेत आणि तरीही त्या एकाच गणिताने बांधलेल्या आहेत, हे तिच्याभोवती फेरी मारताना हळूहळू लक्षात येते. चौकाकडील बाजूला डावीकडे खांब-तुळयांची मोकळी जाळी आहे आणि उजवीकडे एक कोरी भिंत आहे. आत दोन मजले उंचीचे सभागृह असून त्याच्या छतातून काचेच्या विटांतून उजेड उतरतो. फॅसिझम हे सर्वांना आत डोकावता येईल असे काचेचे घर आहे, असे मुसोलिनीचे म्हणणे होते, आणि तेर्रान्यीने त्याचाच आधार घेऊन ही पारदर्शकता समजावून सांगितली होती.

आता या पारदर्शकतेचा वापर कसा होणार होता ते पाहावे. चौकाकडील काचेच्या दारांची रांग विजेच्या यंत्रणेने एकाच वेळी उघडत असे, जेणेकरून आत जमलेल्या पथकांना एका झटक्यात बाहेर चौकात येता यावे. उजवीकडील कोरी भिंत प्रचारचित्रांसाठी राखलेली होती. म्हणजे ज्या काचेतून नागरिकाने सत्तेकडे पाहावे असे सांगितले गेले, त्याच काचेतून सत्ता नागरिकांच्या चौकात उतरत होती. पुढे अमेरिकन वास्तुकार पीटर आयझेनमन यांनी या इमारतीच्या आकाराचा अतिशय बारकाईने अभ्यास केला. त्या अभ्यासातून पुष्कळ शिकायला मिळते, परंतु त्यात इमारत कागदावरील भूमितीसारखी उरते आणि चौकात जमवलेला जमाव नाहीसा होतो. मला ती भूमिती आणि तो जमाव दोन्ही एकाच वेळी नजरेसमोर ठेवायचे आहेत.

म्हणून चर्चेसाठी प्रश्न असा: इमारतीचे राजकारण तिच्या शैलीत शोधायचे, की ती कोणी मागितली, कोणाच्या पैशाने उभी राहिली, कोणाला हटवून उभी राहिली आणि आत कोण वावरले, यांत शोधायचे? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

दगडविटा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे सामग्रीच्या अंगाने भर घालतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत संगमरवर आणि ट्रॅव्हर्टाईन (एक प्रकारचा चुनखडीचा दगड) यांचा वापर वाढला, यामागे रोमन वैभवाचे वेड होतेच. परंतु आणखीही एक कारण होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. त्यानंतर राजवटीने स्वयंपूर्णतेचे धोरण कडक केले आणि बांधकामातील लोखंडाच्या वापरावर मर्यादा आल्या. देशी दगड आणि वीट वापरणे हे देशभक्तीचे काम ठरले. ज्याला आपण शैली म्हणतो, तिच्यातील काही भाग लोखंडाच्या टंचाईने ठरवलेला आहे.

रोमच्या दक्षिणेला ‘एऊर’ हा भाग १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, म्हणजेच फॅसिस्टांच्या सत्ताग्रहणाच्या विसाव्या वर्षासाठी आखला गेला. त्याचे नियोजन पियाचेंतिनींच्या हाती होते. तेथील ‘पालाझ्झो देल्ला चिविल्ता इतालियाना’ ही चौकोनी, प्रत्येक बाजूला नऊ कमानींच्या सहा ओळी असलेली इमारत सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेली असते. तिचा सांगाडा आरसीसीचा आहे आणि ट्रॅव्हर्टाईन हे वरून चढवलेले आवरण आहे. प्राचीन रोममधील कमान भार पेलत असे. येथील कमान भार पेलण्याचा देखावा करते. वर कोरलेले वाक्य इटालियन जनतेला कवी, कलावंत, वीर, संत, विचारवंत, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी आणि स्थलांतरितांचे राष्ट्र म्हणते, आणि ते मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५ च्या भाषणातील आहे. इथिओपियावरील आक्रमणाच्या आदल्या दिवशीचे ते भाषण होते. आज त्या इमारतीत एका फॅशन कंपनीचे मुख्यालय आहे आणि वाक्य जागच्या जागी आहे.

याच टंचाईतून एक अस्सल गोष्टही जन्मली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिएर लुइजी नेर्वी यांनी हवाई दलासाठी विमानांचे हँगर बांधले. पहिल्या हँगरांच्या बरगड्या जागेवरच साचे लावून ओतल्या होत्या. पुढच्या हँगरांत त्यांनी बरगड्यांचे तुकडे जमिनीवर आधी ओतून घेतले आणि मग ते जोडले, त्यामुळे सामग्री आणि लाकडी साचे दोन्ही वाचले. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते हँगर उडवून दिले. परंतु ती पद्धत टिकली, आणि १९५७ मध्ये रोममध्ये पूर्ण झालेल्या ‘पालाझ्झेत्तो देल्लो स्पोर्त’ या सुमारे ६० मीटर व्यासाच्या घुमटात ती पूर्णत्वाला गेली. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या ३६ टेकूंवर तो घुमट उभा आहे. युद्धखोर राजवटीच्या काटकसरीतून निघालेले तंत्र प्रजासत्ताकाच्या ऑलिंपिकला कामी आले. १९६० च्या त्याच ऑलिंपिकसाठी एऊरमधील मोठे क्रीडागृह नेर्वी आणि पियाचेंतिनी यांनी मिळून केले, हे गवाक्ष यांच्या मुद्द्याला पूरक आहे.

उत्तरायण

मूळ लेखातील प्रश्न मला थोडा एकांगी वाटतो. सर्व काही मागणी, पैसा आणि वापर यांवर टाकले तर वास्तुकाराची जबाबदारी कोठे राहते? आधुनिक शैलीचा वास्तुकार पागानो आणि पियाचेंतिनी यांच्या इमारतींतील फरक केवळ आवडीनिवडीचा नव्हता. माणसाला लहान करून टाकणारा खांब आणि माणसाच्या मापाची खिडकी यांत नैतिक फरक आहे, असे मी मानतो. राजवट कोणतीही असो, तो फरक त्या इमारतीत राहणाऱ्याला रोज जाणवतो.

गवाक्ष

उत्तरायण, तुमचा आक्षेप गंभीर आहे, आणि जुझेप्पे पागानोचे नाव तुम्ही घेतलेत हे योग्यच झाले. पागानो १९२० पासूनचा फॅसिस्ट होता. रोमच्या विद्यापीठ नगरीत त्याने पियाचेंतिनींच्या आराखड्याखाली भौतिकशास्त्राची इमारत बांधली, आणि ‘कासाबेल्ला’ या नियतकालिकाचा संपादक म्हणून आधुनिक वास्तुकला हीच खरी फॅसिस्ट वास्तुकला आहे असे तो अनेक वर्षे सांगत राहिला. १९३६ च्या मिलानमधील त्रिएनाले प्रदर्शनात त्याने इटलीतील शेतकऱ्यांच्या घरांची छायाचित्रे मांडली. खेड्यातील गवंड्याने गरजेपुरते बांधलेले घर हे प्रामाणिक वास्तुकलेचे उदाहरण आहे, असे त्याचे म्हणणे होते. एऊरचा खांबांचा सोहळा पाहून तो उघडपणे टीका करू लागला, १९४२ मध्ये त्याने पक्ष सोडला, नंतर तो प्रतिकार चळवळीत उतरला, पकडला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मरण पावला. तेर्रान्यी मात्र रशियाच्या आघाडीवरून मनाने उद्ध्वस्त होऊन परतला आणि १९ जुलै १९४३ रोजी, मुसोलिनीची सत्ता जाण्याच्या सहा दिवस आधी, वयाच्या ३९ व्या वर्षी गेला.

या दोघांच्या इमारती शेजारी ठेवल्या तर केवळ त्यांवरून कोण कोणत्या वाटेने जाणार हे कोणालाही सांगता येणार नाही. वास्तुकाराची जबाबदारी मी नाकारत नाही. ती जबाबदारी त्याने कोणती शैली निवडली यात नसून, काय पाहिल्यावर तो थांबला यात आहे, असे माझे मत आहे. मिलानच्या ‘बीबीपीआर’ या चौघांच्या कार्यालयाचेही तसेच आहे. त्यांनीही राजवटीच्या काळात कामे केली. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी त्यांतील एर्नेस्तो नाथान रॉजर्स यांना ज्यू म्हणून बाजूला सारले आणि पुढे त्यांना स्वित्झर्लंड गाठावे लागले. याच कार्यालयातील जान लुइजी बान्फी एप्रिल १९४५ मध्ये गुझेनच्या छावणीत मेले, तर त्यांचे सहकारी बेल्जोयोझो छावणीतून जिवंत परतले. उरलेल्या तिघांनी १९४६ मध्ये मिलानच्या मोठ्या दफनभूमीत जर्मन छावण्यांतील मृतांचे स्मारक उभारले. लोखंडी कांबींचा एक मोकळा घन आणि त्याच्या मध्यभागी छावणीतील माती, एवढेच ते स्मारक आहे. भूमिती तीच रॅशनॅलिस्टांची, परंतु तिच्या पोटात आता चौकाकडे धावणारे पथक नाही.

ओसरी

आतापर्यंतची चर्चा दिमाखदार इमारतींभोवती फिरते आहे. इटलीतील बहुसंख्य लोकांना आधुनिक वास्तुकला भेटली ती घराच्या रूपाने, आणि गवाक्ष यांचा प्रश्न खरा तेथेच लागू पडतो.

‘व्हिया देल्ल’इम्पेरो’ हा कोलोसियमकडे जाणारा रुंद रस्ता २८ ऑक्टोबर १९३२ रोजी खुला झाला, तेव्हा त्यासाठी दाट वस्तीचा एक संपूर्ण भाग पाडण्यात आला. अशा पाडकामांतून हटवलेल्या अनेक कुटुंबांना शहराच्या हद्दीपलीकडे ‘बोर्गाते’ नावाच्या वसाहतींत पाठवले गेले. तेथे घरे निकृष्ट होती, आणि नळ, रस्ते व वाहतूक यांची वानवा होती. त्यातच १९३९ मध्ये शहरांकडील स्थलांतर रोखणारा कायदा आला. शहरात नोंदणी हवी तर नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर नोंदणी हवी, असा तो पेच होता. राजवट गेली तरी हा कायदा १९६१ पर्यंत टिकला. दक्षिणेतून आलेले लाखो मजूर प्रजासत्ताकाच्या भरभराटीच्या काळात आपल्याच देशाच्या शहरांत कागदोपत्री बेकायदा राहत होते. मुसोलिनीचा पुतळा पाडणे सोपे होते; त्याचा नोंदणीचा नियम पाडायला सोळा वर्षे लागली.

फेब्रुवारी १९४९ मध्ये मंत्री आमिंतोरे फान्फानी यांनी आणलेल्या कायद्याने ‘ईना-कासा’ योजना सुरू झाली. तिचा पहिला हेतू घरे हा नव्हताच, तर बेरोजगारांना काम देणे हा होता. नोकरदारांच्या पगारातील छोटी कपात, मालकांचा हिस्सा आणि सरकारचा वाटा यांतून निधी उभा राहिला आणि चौदा वर्षांत सुमारे ३,५५,००० घरे बांधली गेली. जास्तीत जास्त हातांना काम मिळावे म्हणून यंत्रे आणि कारखान्यातील तयार भाग यांच्यापेक्षा वीट, गिलावा, कौले आणि गवंडीकाम यांना प्राधान्य देण्यात आले. लुदोविको क्वारोनी आणि मारिओ रिदोल्फी यांनी तरुण सहकाऱ्यांसह रोममध्ये उभारलेली तिबुर्तिनो वसाहत पाहिली की हे चटकन कळते. उतरती छपरे, लोहाराने घडवलेले सज्जांचे कठडे, बाहेरून चढणारे जिने आणि मुद्दाम वाकडेतिकडे ठेवलेले रस्ते यांमुळे ती एखाद्या खेड्यासारखी दिसते. त्या काळच्या नववास्तववादी चित्रपटांशी तिचे नाते जोडले जाते आणि ते चूक नाही. परंतु तिच्या रूपामागे रोजगाराचा कायदा आहे, हे विसरले तर ती केवळ नटवलेली वाटते. योजनेतील इमारतींवर लावलेल्या रंगीत सिरॅमिकच्या पाट्या आजही अनेक शहरांत दिसतात, आणि त्यांवर बहुधा घराचे किंवा निवाऱ्याचे चित्र असते. मला त्या पाट्या एऊरवरील त्या कोरीव वाक्यापेक्षा कितीतरी अधिक इटालियन वाटतात.

उत्तरायण

ओसरी, माहिती उत्तम आहे. पण मग रोमच्या कोर्व्हियालेचे काय? तेही सार्वजनिक घरांचेच काम होते, हेतूही चांगला होता आणि मागणारे सरकारही लोकशाही होते. तरीही जवळजवळ एक किलोमीटर लांबीची ती इमारत अपयशाचे उदाहरण म्हणून दाखवली जाते. तेथे दोष आकाराचाच नाही का? कोणी मागितले आणि कोणी पैसे दिले एवढ्याने तिचे स्पष्टीकरण होत नाही.

ओसरी

कोर्व्हियालेचा मुख्य वास्तुकार मारिओ फियोरेंतिनो होता, आणि त्याची वाट पाहिली तर सबंध शतक त्यात सापडते. मार्च १९४४ मध्ये नाझींनी रोमजवळच्या खाणीत ३३५ जणांना ठार मारले. त्या फोस्से आर्देआतिने येथील स्मारकाच्या वास्तुकारांपैकी तो एक होता. कबरींवर जमिनीपासून थोड्याच उंचीवर तरंगणारी प्रचंड काँक्रीटची शिळा आणि तिच्याखालून आत येणारी उजेडाची अरुंद पट्टी, असे ते स्मारक २४ मार्च १९४९ रोजी खुले झाले. नंतर तो तिबुर्तिनोच्या गटातही होता. म्हणजे खेड्याच्या मापाने घर बांधून पाहिलेल्या माणसानेच १९७० च्या दशकात कोर्व्हियाले आखले. बेकायदा बांधकामांनी आणि सट्टेबाज ठेकेदारांनी रोमचा परिसर गिळायला सुरुवात केली होती, तेव्हा शहराला एक ठाम कड द्यावी आणि सगळे एकाच इमारतीत बसवून बाकीची जमीन मोकळी ठेवावी, हा विचार त्यामागे होता.

आकार मोठा होता आणि तो जाचक आहे, हे मी मान्य करते. परंतु चौथा मजला दुकाने, दवाखाने आणि सभागृहे यांसाठी मोकळा ठेवला होता, आणि त्या सोयी कधी आल्याच नाहीत. १९८२ च्या सुमारास कुटुंबे राहायला आली, रिकाम्या मजल्यावर बेघरांनी ताबा घेतला आणि मिळेल त्या विटांनी व पत्र्यांनी स्वतःच्या भिंती उभारल्या. लिफ्टची दुरुस्ती, दिवे आणि बस यांसाठी रहिवाशांना अनेक वर्षे भांडावे लागले. नेपल्सच्या स्कांपियातील ‘व्हेले’ इमारतींचेही तसेच झाले. फ्रांझ दि साल्व्हो यांनी मोठ्या आशेने आखलेल्या त्या सात इमारतींत १९८० च्या भूकंपानंतर निराश्रितांनी आसरा घेतला, सार्वजनिक सोयी अपुऱ्याच राहिल्या, आणि १९९७ पासून त्या एकेक करून पाडल्या जाऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्यांपैकी उरलेल्या एका इमारतीतील पादचारी मार्ग कोसळून माणसे मेली, तेव्हा तेथे अजून कुटुंबे राहत होती. याला केवळ आकाराचे अपयश म्हणणे म्हणजे देखभालीचा खर्च वर्षानुवर्षे टाळणाऱ्या यंत्रणांना मोकळे सोडणे होय.

दगडविटा

ओसरी यांच्याशी सहमत आहे आणि तांत्रिक बाजूने एवढेच जोडतो. उघड्या काँक्रीटच्या इमारतीला नियमित तपासणी लागते. पाणी मुरले की आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर सोडवते. पुनर्बांधणीपेक्षा वेळेवर केलेली दुरुस्ती स्वस्त पडते, पण तिचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तिला पैसे मिळत नाहीत.

ओसरी

आणि याच संदर्भात कोर्व्हियालेत आता जे चालले आहे ते महत्त्वाचे आहे. तेथे इमारत पाडण्याऐवजी चौथ्या मजल्याचे काम हाती घेण्यात आले. ताबा घेतलेल्यांनी स्वतः उभारलेल्या खोल्यांच्या जागी त्याच मजल्यावर रीतसर नकाशाची, नळ-विजेच्या स्वतंत्र जोडण्यांची घरे करण्याची ती योजना आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आहे. सरकारने न दिलेल्या दुकानांच्या जागी लोकांनी जे केले, ते आता सरकारी आराखड्यात आले. कामाच्या काळात त्या कुटुंबांना तात्पुरते कोठे ठेवायचे आणि परत येताना त्यांच्या हक्काची नोंद कोणत्या नावाने करायची, हे त्या योजनेतील सर्वांत अवघड काम ठरले आहे.